पार्टीला नाव विचारलं तर पार्टी पळते?

आमच्या धंद्यात सध्या एकच उपदेश सगळीकडून ऐकू येतो. फी भरून शिबिराला बसलात तर तोच, फक्त एसी हॉलमध्ये आणि दुपारच्या जेवणासकट. इस्टेट एजंटने सतत दिसत राहिलं पाहिजे. रोज एक रील, आठवड्याला एक लाइव्ह, प्रत्येक पोस्टवर चेहरा आणि चेहऱ्याखाली नंबर. नुसता फ्लॅट दाखवू नका, स्वतःला दाखवा. मुलीचा वाढदिवस दाखवा, नवी गाडी दाखवा, पाडव्याची गुढी दाखवा, गिऱ्हाइकाच्या हातात चावी देतानाचा फोटो तर हमखास दाखवा. मेसेज आला की पाच मिनिटांत उत्तर, आणि उत्तर दिलं की त्याच दिवशी व्हिजिट. मधेच कुणी, विशेषतः एखाद्या बाईने, सुरक्षिततेचा विषय काढला तर शिबिरवाले हसून सांगतात, "घाबरायचं असेल तर नोकरी करा. चौकश्या करत बसलात की पार्टी पळते."

मला प्रतिवाद करायचा आहे तो या शेवटच्या वाक्याचा. (पार्टी म्हणजे आमच्या भाषेत गिऱ्हाईक.) दिसण्याशी माझं भांडण नाही. डोंबिवलीत किंवा वाकडला ज्याला कोपऱ्यावरचा गाळा परवडत नव्हता, पोर्टलवर लीडचे पैसे भरता येत नव्हते, त्याला या फोनने दुकान दिलं. घर सांभाळून भाड्याच्या फ्लॅटची कामं करणाऱ्या कितीतरी जणींची पहिली दलाली इन्स्टाग्रामवरून आलेली आहे. हे नाकारणारा माणूस धंद्यात नसतो किंवा त्याचा धंदा वडिलांनी उभा केलेला असतो. दिसावं लागतं. प्रश्न त्यानंतरचा आहे: आपण दिसलो, मग समोरचा कधी दिसणार?

तिकडे जाण्याआधी उलट बाजूच्या शहाण्यांचाही हिशोब करून टाकू. घरातली वडीलधारी मंडळी, सोसायटीतले काका आणि अधूनमधून एखादा पोलीस अधिकारीसुद्धा सांगतो की बायकांनी डीपीला फोटो ठेवू नये, नाव अर्धंच लिहावं, नंबर देऊ नये. सल्ल्यामागची काळजी खरी आहे, पण या धंद्यात तो निरुपयोगी आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याचं कलम ३४ काढून बघा. नोंदणी केलेल्या एजंटांची नावं आणि फोटो संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतील असे ठेवणं, हे प्राधिकरणाचं, म्हणजे आपल्याकडे महारेराचं, काम म्हणून तिथे लिहिलेलं आहे. कलम ९ सांगतं की एजंटने प्रत्येक विक्रीत आपला नोंदणी क्रमांक नमूद केला पाहिजे. म्हणजे ज्या बाईला तुम्ही डीपी काढायला सांगताय, तिचा फोटो लोकांसमोर ठेवायचं काम कायद्यानेच महारेराकडे दिलं आहे. आणि ते योग्यच आहे. ज्याच्यावर विश्वास ठेवून माणूस आयुष्याची कमाई ओतणार, तो दलाल कोण हे त्याला कळायलाच हवं. (भाड्याचं काम या कायद्यात येत नाही, त्यामुळे नुसती भाड्याची कामं करणारे बरेच जण नोंदणीविना असतात. पण त्यांनाही चेहरा लपवून गिऱ्हाईक मिळत नाही.)

तर एक पक्ष म्हणतो सगळं दाखवा, दुसरा म्हणतो काहीच दाखवू नका. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर आहे, एजंट किती दिसतो यावर. धोका मात्र दुसरीकडे आहे. गिऱ्हाइकाला माझं नाव, चेहरा, नोंदणी क्रमांक, ऑफिसचा पत्ता, गाडीचा रंग, मुलीची शाळा आणि आज दुपारी मी कुठल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आहे, हे सगळं माहीत असतं. मला गिऱ्हाइकाबद्दल काय माहीत असतं? "हाय, इज धिस अव्हेलेबल?" एवढंच. आणि तेवढ्यावर मी चाव्यांचा जुडगा उचलून निघतो.

हा धोका फेसबुकने आणलेला नाही, हे नीट समजून घ्यावं. २८ जुलै १९८६ रोजी लंडनच्या फुलहॅम भागात सुझी लॅम्प्लू नावाची पंचवीस वर्षांची इस्टेट एजंट दुपारी घर दाखवायला ऑफिसातून बाहेर पडली. डायरीत नोंद होती: पावणेएकची वेळ, शॉरोल्ड्स रोडवरचं एक घर, आणि गिऱ्हाइकाचं नाव 'मिस्टर किपर'. ती परत आली नाही. तिचा मृतदेह आजवर सापडलेला नाही, कुणालाही शिक्षा झालेली नाही, आणि काही वर्षांनी तिला कायद्याने मृत जाहीर करण्यात आलं. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने जी संस्था काढली, ती अजून ब्रिटनमध्ये एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आणि पाठलागाच्या प्रकरणांत मदतीसाठी काम करते. त्या काळी ना रील होती, ना खिशात फोन. कुठे जायचं आणि किती वाजता, एवढं सगळं कागदावर होतं. कोण, याच्या जागी एक आडनाव होतं आणि ते कुणी तपासलेलं नव्हतं.

दुसरी घटना अमेरिकेतली, आणि ती आमच्या शिबिरवाल्यांनी मुद्दाम ऐकावी. सप्टेंबर २०१४मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक भागात बेव्हर्ली कार्टर ही अनुभवी एजंट एक घर दाखवायला गेली. घराचा पत्ता तिने नवऱ्याला कळवलेला होता. घर बघायला आलोय असं भासवून तिचं अपहरण करण्यात आलं आणि तिला मारण्यात आलं. पकडलेल्या माणसाने पत्रकारांसमोर हीच का निवडली याचं कारण सांगितलं: ती पैसेवाली ब्रोकर होती आणि एकटी काम करत होती. आता शिबिरात काय शिकवतात ते आठवा. गाडीसोबत फोटो टाका, घड्याळ दिसू द्या, दुबईच्या अवॉर्ड फंक्शनचे फोटो टाका, "माझी टीम म्हणजे मीच" असं अभिमानाने लिहा. पैसेवाला आणि एकटा. यातली गाडी पुष्कळदा हप्त्यावर असते आणि दुबई बिल्डरच्या खर्चाने, पण बघणाऱ्याला ते कुठे कळतं?

यावर उत्तर ठरलेलं असतं: ते तिकडचं झालं. आपल्याकडे गेटवर वॉचमन असतो, शेजार असतो, माणसांची गर्दी असते. ज्याने घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमध्ये पझेशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत फ्लॅट दाखवलाय, त्याने हे बोलू नये. बत्तिसाव्या मजल्यावर चार फ्लॅट, चारही बंद, लिफ्टमध्ये अजून प्लायवूड, आणि मोबाइलला रेंज नाही. कर्जत-मुरबाडकडच्या प्लॉटवर गर्दी सोडाच, गुरंही नसतात. गोव्यातले व्हिला पावसाळ्यात महिनोन्महिने बंद असतात. राहिला वॉचमन. तो तर आपला ओळखीचा, दिवाळीची बक्षिसी आपणच देतो. आपल्यासोबत कोणी आला की तो रजिस्टर पुढे करत नाही, हात हलवून सांगतो, "मॅडमची पार्टी आहे, जाऊ दे." जिथे परक्याची नोंद व्हायला हवी तिथेच आपल्या ओळखीमुळे ती होत नाही.

आता मूळ वाक्यावर येतो. नाव विचारलं तर पार्टी पळते.

हे खोटं आहे आणि ते खोटं असल्याचा पुरावा आमच्याच धंद्यात रोज तयार होतो. बिल्डरच्या साइटवर चॅनेल पार्टनर, म्हणजे बिल्डरची घरं विकून देणारा एजंट, गिऱ्हाईक घेऊन जातो तेव्हा काय करतो? आदल्या दिवशी किंवा निदान गेटवर पोचण्याआधी तो 'टॅगिंग' करतो. गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल नंबर किंवा त्याचे शेवटचे आकडे सेल्स टीमला कळवतो. साइट ऑफिसमध्ये गिऱ्हाईक फॉर्म भरतं, बऱ्याच ठिकाणी त्याच्या फोनवर ओटीपी येतो आणि तो सांगितल्याशिवाय सॅम्पल फ्लॅटचं दार उघडत नाही. हे कशासाठी? दुसऱ्या एखाद्या ब्रोकरने उद्या "ही पार्टी माझी" म्हणू नये यासाठी. म्हणजे दलाली बुडू नये म्हणून आपण गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, ओटीपी सगळं विचारतो, आणि तेव्हा एकही पार्टी पळत नाही. तेच नाव, तोच नंबर जिवासाठी विचारायचा म्हटला की मात्र गिऱ्हाईक दुखावेल अशी भीती वाटते.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही बघा. फ्लॅट घेणारा माणूस पुढच्या दोन महिन्यांत बँकेला सॅलरी स्लिप, तीन वर्षांचे रिटर्न आणि खात्याचा उतारा देणार आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो काढणार आहे आणि अंगठा उमटवणार आहे. भाडेकरूची माहिती तर पोलिसांकडे जाणार आहे. इतकं सगळं द्यायला तयार असलेला माणूस पहिल्या फोनवर पूर्ण नाव, सध्या राहता कुठे आणि काम काय करता, एवढं सांगायला नकार देईल? जो देतो तो टोकनपर्यंत पोचणारा नव्हताच. त्याच्या पळण्याने पेट्रोल वाचलं.

मी काय करतो ते सांगतो, त्यात काही विद्वत्ता नाही. मेसेजवरून व्हिजिट ठरवत नाही. आधी फोन, मग दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल. "बजेट आणि लोकेशन समजून घ्यायचंय" म्हटलं की लोक आनंदाने बोलतात. पहिली भेट ऑफिसात, आणि ऑफिस लांब असेल तर बिल्डरच्या साइट ऑफिसात किंवा स्टेशनजवळच्या हॉटेलात चहावर. तिथे ओळखपत्राचा फोटो घेतो आणि तो त्यांच्यासमोरच सहकाऱ्याला पाठवतो. लपूनछपून केलं तर त्याचा उपयोग अर्धा होतो. रिकामा फ्लॅट उजेडीच. आत शिरताना पार्टी पुढे, मी मागे, आणि मी दाराच्या बाजूला; बेडरूम, बाल्कनी त्यांनी बघावी, मला पाठ आहे. लाइव्ह लोकेशन सहकाऱ्याला जातं, जगाला जात नाही. आणि त्या फ्लॅटची रील मी तिथून निघाल्यावर, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी टाकतो. "आज संध्याकाळी सातपर्यंत मी इथेच आहे, या!" ही पोस्ट ज्याने पहिल्यांदा लिहिली त्याला विक्रीतलं कळत असेल, माणसातलं कळत नाही.

यात बायकांचा प्रश्न वेगळा नाही असं मी म्हणणार नाही. चौकशी फ्लॅटची, आणि तिसऱ्या मेसेजला "डीपी छान आहे". रात्री साडेअकराला "झोपलात का?". चार फ्लॅट बघून झाले तरी कार्पेट एरिया किती हे ज्याने विचारलेलं नाही, असा माणूस प्रत्येक एजंट बाईच्या यादीत एक तरी असतो. तिला त्याला ब्लॉक करता येत नाही, कारण पंचवीस टक्के शक्यता असते की तो घेईलसुद्धा. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात; मला वाटतं अक्कल असते, सोय नसते. ती सोय ऑफिसच्या मालकाने करून द्यायची आहे: त्या गिऱ्हाइकाला त्याच क्षणी दुसऱ्या माणसाकडे वळवायचं आणि व्यवहार झाला तर दलालीतला तिचा वाटा तसाच ठेवायचा. दुसरा भाग केला नाही तर पहिल्याला अर्थ नाही, कारण वाटा जाणार असेल तर ती कधी सांगणारच नाही.

कायद्याने ही सोय ऐच्छिक ठेवलेली नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कामाचं ठिकाण म्हणजे केवळ ऑफिस नाही. कामानिमित्त कर्मचारी जिथे जाईल ती प्रत्येक जागा त्यात येते. रिकामा टू बीएचके हे तिचं कामाचं ठिकाण आहे. त्याच कायद्याचं कलम १९ मालकावर सुरक्षित वातावरण देण्याची जबाबदारी टाकतं, आणि त्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षितताही त्यात धरलेली आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसातली बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते; आपल्या बहुतेक एजन्स्या या आकड्याच्या खालच्याच. स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, बाईच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे आणि पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे" असं सांगणाऱ्या मालकाने हे दोन्ही कायदे एकदा वाचावेत.

पण हा सगळा बायकांचा विषय म्हणून पुरुष एजंट निवांत बसले असतील तर त्यांच्यासाठी दुसरी कथा आहे. तुमची रील उचलली जाते. तुमचा आवाज, तुमचा चेहरा, तोच फ्लॅट. खाली नंबर मात्र दुसऱ्याचा आणि भाडं बाजारभावापेक्षा पाच-सात हजारांनी कमी. चौकशी करणाऱ्याला सांगितलं जातं की सोसायटीत शिरायला गेट पास लागतो, इतके रुपये भरा, नंतर भाड्यात वळते होतील. पैसे गेले की नंबर बंद. मग तो फसलेला माणूस कुणाला शोधत येतो? रीलमध्ये ज्याचा चेहरा आहे त्याला. तुमच्या ऑफिसात येऊन तो तुमची कॉलर धरतो आणि त्याच्या बाजूने बघाल तर त्याचं चुकलेलं नाही. इथेही माझं म्हणणं रील बंद करा असं नाही. व्हिडिओवर, कोपऱ्यात नव्हे तर मधोमध, आपला नंबर आणि नोंदणी क्रमांक कोरा. "आम्ही व्हिजिटचे पैसे घेत नाही" हे वाक्य प्रत्येक पोस्टमध्ये लिहा. आणि महिन्यातून एकदा स्वतःचं नाव शोधून बघा. तोतया सापडला तर ज्या अॅपवर तो आहे त्या कंपनीकडे तक्रार करायची, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करायची. संगणकाच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तक्रारीचा कागद हातात असेल तर पुढच्या फसलेल्या माणसासमोर काहीतरी दाखवता येतं.

उलट दिशेनेही फसवणूक येते. "मी लष्करात आहे, बदली पुण्याला झाली, फ्लॅट बघायची गरज नाही, फोटोवरूनच पसंत आहे." सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र. मग "आमच्याकडे पेमेंट अशाच पद्धतीने होतं" म्हणत एक क्यूआर कोड येतो. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे इतक्यांदा सांगून झालंय तरी दलाली डोळ्यांसमोर दिसायला लागली की भलेभले पिन टाकतात. ओळखपत्राचा फोटो मागा असं मी वर म्हटलं, तो फोटो म्हणजे माणूस नव्हे. माणूस समोर आला पाहिजे किंवा निदान व्हिडिओवर बोलला पाहिजे.

आता आपल्या बाजूचं एक पाप. आपण स्वतःच्या सुरक्षेबद्दल बोलतो तेव्हा ज्यांची घरं आपल्या हातात असतात त्यांना विसरतो. आपल्या पोस्टची भाषा बघा: "रेडी पझेशन, फुल्ली फर्निश्ड, ओनर अमेरिकेत, चावी आपल्याकडे, कधीही बघा." सोबत इमारतीचं नाव, मजला, बाल्कनीतून दिसणारी समोरची शाळा आणि दाराचा क्लोज-अप, कुलपासकट. एवढी माहिती गोळा करायला चोराला आठवडा लागला असता. चाव्यांचा स्वच्छ फोटो टाकणाऱ्यांना माहीत नसतं की फोटोवरून चावी बनवता येते. मग येतो तो अभिनंदनाचा फोटो: नवं घर घेतलेलं कुटुंब दारात उभं, नावाची पाटी दिसतेय, लहान मुलाच्या हातात भलीमोठी पुठ्ठ्याची चावी, आणि खाली सगळ्यांना टॅग. त्यांनी हसून फोटो काढू दिला म्हणजे घराचा पत्ता दहा हजार अनोळखी लोकांना वाटायला परवानगी दिली असं होत नाही.

आणि आपले ते ब्रोकरांचे व्हॉट्सअॅप ग्रुप! शेकडो माणसं, त्यातली निम्मी एकमेकांना ओळखत नाहीत, आणि त्यात ओनरचं नाव, नंबर, फ्लॅट नंबर, "आजी एकट्या राहतात, दुपारी चारनंतर फोन करावा" असल्या सूचना सकाळ-संध्याकाळ फॉरवर्ड होतात. भाडेकराराच्या नावाखाली जमवलेली आधार-पॅनची चित्रं आपल्या फोनच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंशेजारी वर्षानुवर्षं पडून असतात. जिथे चालतं तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार मागता येतं, तशी सोय आधारवाल्यांनीच केलेली आहे. काम झालं की फाइल पुसता येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. दोन टेबलांच्या इस्टेट एजन्सीलाही तो लागू होतो, कारण लोकांची माहिती डिजिटल स्वरूपात गोळा करणारे आपणही आहोत. ज्याला स्वतःचा नंबर सुरक्षित हवाय त्याने आजींचा नंबर ग्रुपवर टाकू नये. तरच स्वतःच्या सुरक्षेबद्दल तक्रार करायचा अधिकार राहतो.

महारेराने गेल्या काही वर्षांत या धंद्याला बरीच शिस्त लावली, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवल्याशिवाय नोंदणीकृत एजंट म्हणून काम करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर प्रकल्पाचा क्यूआर कोड सक्तीचा झाला. गिऱ्हाइकाने फोन धरला की प्रकल्पाची सगळी कुंडली पुढ्यात. घर घेणाऱ्याने बिल्डरबद्दल आणि एजंटबद्दल काय जाणलं पाहिजे याचा विचार पुष्कळ झाला. घर दाखवायला जाणाऱ्याने बघणाऱ्याबद्दल काय जाणलं पाहिजे, याचा विचार कुणीतरी सुरू करायला हवा. तो बिल्डर करू शकतात. टॅगिंगचा फॉर्म तयारच आहे, तीच नोंद एकट्या फिरणाऱ्या एजंटच्या कामी यावी एवढंच करायचं आहे. एजंटांच्या संघटना करू शकतात. दिवाळी स्नेहमेळाव्याला बोलावतात त्या प्रेरणादायी वक्त्याऐवजी एका वर्षी सायबर पोलीस ठाण्याचा अधिकारी बोलवा, मानधनही वाचेल. अमेरिकेत एजंटांची राष्ट्रीय संघटना अख्खा सप्टेंबर महिना सुरक्षेसाठी ठेवते. आपल्याकडे पितृपक्षात तसंही बुकिंग थंड असतं, तो पंधरवडा या कामाला मोकळाच आहे.

राहिला मुद्दा त्या एकट्या एजंटचा, ज्याच्यामागे ना एजन्सी आहे ना संघटना. तो म्हणेल, मी नाव विचारेन, पण शेजारचा न विचारता चावी घेऊन पळेल आणि सौदा तो करेल. ही तक्रार मला खरी वाटते आणि तिला माझ्याकडे गोड उत्तर नाही. काही सौदे जातील. पण एका भागातल्या पाच-सहा जणांनी मिळून ठरवलं की ऑफिसात आल्याशिवाय आणि ओळख पटल्याशिवाय रिकामं घर दाखवायचं नाही, तर गिऱ्हाईक जाणार कुठे? दलालीचा दर मोडू नये म्हणून हेच पाच-सहा जण चहाच्या टपरीवर एकत्र येतात, हे मी पाहिलेलं आहे.

शेवटी घर शोधणाऱ्यांना एक विनंती, कारण हा लेख वाचणारे बहुतेक तुम्हीच असाल. पुढच्या वेळी एखाद्या एजंटने, मग तो बाप्या असो की बाई, फ्लॅट दाखवण्याआधी तुमचं पूर्ण नाव विचारलं, ऑफिसात यायला सांगितलं, ओळखपत्राचा फोटो घेतला, तर रागावू नका. ओळखपत्र अवश्य दाखवा आणि घर विकत घेणार असाल तर त्याबदल्यात त्याचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घर घेऊ नका.